हातात किती, परत किती

वसुलीला गेलेल्या माणसाने दार वाजवण्याआधी चपला मोजायच्या असतात. हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नाही, पहिल्या सहा महिन्यांत माझं मीच शिकले. दाराशी चार जोड असतील आणि आतून "घरात कोणी नाही" असा आवाज आला, तर खुशाल पायरीवर बसून राहायचं. पुढे लोकही हुशार झाले. माझी छत्री गल्लीच्या तोंडाशी दिसली की चपला आधी आत जायच्या, माणसं नंतर. एका गृहस्थांनी तर कमाल केली. आतून स्वतःच ओरडले, "ते गावाला गेलेत!" मी जिना उतरायला लागले तेव्हा त्यांना राहवलं नाही. दार किलकिलं करून म्हणाले, "कदम मॅडम, उन्हाच्या आलात, चहा तरी घेता का?" मी परत वर गेले. चहाही घेतला आणि हप्ताही.

एकतीस वर्षं मी नवी मुंबईतल्या एका नागरी सहकारी पतसंस्थेत काढली. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं वसुली अधिकारी म्हणून गेली. मुख्य कार्यालय बेलापूरला, माझी शाखा घणसोलीला आणि घर खांदेश्वरला. ज्यांना पतसंस्था म्हणजे नेमकं काय हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचे सभासदच आमच्याकडे ठेवी ठेवतात आणि सभासदच कर्ज घेतात. मोठ्या बँकेच्या काचेच्या दारातून आत जायला ज्यांचे पाय अडखळतात, ते आमच्याकडे येतात. मासळी विकणाऱ्या, कंपनीत ठेकेदाराकडे राबणाऱ्या, झेरॉक्सचं दुकान चालवणारे, शाळेतले शिपाई. तारण द्यायला यांच्याकडे काही नसतं, म्हणून दोन जामीनदार लागतात. तुम्ही हप्ता चुकवला की जामीनदाराच्या पगारातून कपात होते. ही जामीनदारीच आमच्या धंद्याचा कणा. माणूस कर्जाला घाबरत नाही, शेजाऱ्याच्या तोंडाला घाबरतो.

हे ओळखून मी एक युक्ती काढली होती. हप्ता तीन दिवस उशिरा झाला की आपोआप जामीनदाराच्या मोबाइलवर मेसेज जायचा: "आपण जामीन असलेल्या कर्जाचा हप्ता थकला आहे." शिवाय पहिल्याच दिवसापासून दंडव्याज. ही माझी कल्पना बरं का. त्या वर्षी आमच्या शाखेची थकबाकी शून्यावर आली. वार्षिक सभेत माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला आणि मी अशी चालत स्टेजवरून उतरले, जणू मी कोणाचं तरी भलं केलं होतं.

पुढे सलग काही वर्षं ते शून्य मी जपलं. आमचे एक सभासद अमावास्येला पैसे हाताबाहेर सोडत नसत. हप्त्याची तारीख अमावास्येला आली की दुसऱ्या दिवशी येऊन आनंदाने दंड भरत आणि वर म्हणत, "मॅडम, लक्ष्मीला राग यायच्या ऐवजी तुम्हाला आलेला परवडतो." अशा माणसाकडूनसुद्धा मी दंड घ्यायची. नियम म्हणजे नियम.

मग ते पाणी आलं.

आमच्या शाखेजवळच तळवलीच्या खालच्या बाजूला चाळी आहेत. खाडीला मोठी भरती आणि वर धो धो पाऊस, असा दोन्हींचा मुहूर्त जुळला की नाल्याचं पाणी पुढे जायच्या ऐवजी मागे फिरतं आणि तळमजल्याच्या खोल्यांत शिरतं. त्याच्या आदल्या वर्षीही शिरलं होतं, पण या वेळी एक दिवस आणि एक रात्र मुक्काम करून गेलं. गाद्या, धान्य, शेगड्या, मुलांची दप्तरं, सगळं गेलं. आमचे बरेच सभासद त्याच चाळींतले. मी मनाची तयारी केली होती की या महिन्यात शून्य काही राहत नाही.

आणि महिनाअखेरीला पाहते तर थकबाकी शून्य! सगळे हप्ते वेळेवर. मी खुर्चीत बसल्या बसल्या टाळी वाजवली. वार्षिक अहवालात एक पान टाकायचं ठरवलं, "पुरातही प्रामाणिक". त्यासाठी एका आदर्श सभासदाचा फोटो हवा होता. मी नाव काढलं, सुनंदा वाघमारे.

सुनंदा मूळची परभणीकडची. नवरा गेल्यावर लेकीला घेऊन इथे राहिली आणि ठेकेदारामार्फत एका कंपनीत पॅकिंगला लागली. लेकीच्या शिक्षणासाठी तिने आमच्याकडून कर्ज घेतलं होतं आणि महिन्याला एकवीसशे पन्नास रुपये भरत होती, कधी एक दिवस इकडे-तिकडे नाही. एका मंगळवारी मी फोटो काढायला तिच्या गल्लीत गेले. सवयीने खाली पाहिलं, तर एकाही दाराशी चपला नव्हत्या आणि सगळी दारं मात्र उघडी. क्षणभर मला काही उलगडेना. मग लक्षात आलं, चपला पाण्यात वाहून गेल्या होत्या. माणसं अनवाणीच वावरत होती.

सुनंदा भिंत पुसत होती. भिंतीवर मांडीइतक्या उंचीवर ओलीची तपकिरी रेघ होती. फळीवरची बुद्धाची छोटी मूर्ती आणि लेकीची पुस्तकं, एवढंच काय ते कोरडं राहिलेलं. मला पाहून ती एकदम उभी राहिली.

"मॅडम, हप्ता भरलाय की मी!"

"अगं हो, म्हणूनच आले. तुझा फोटो काढायचाय, अहवालात छापायला."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने तो कापला, परत वाजला, परत कापला. तिसऱ्यांदा वाजल्यावर तिने तो तांदळाच्या रिकाम्या डब्यात टाकला आणि वर झाकण लावलं. डब्यात तो गुरगुरत राहिला. इतक्या वर्षांच्या वसुलीनंतर एक गोष्ट मला नक्की कळते, ती म्हणजे वसुलीचा फोन. पण आमचा तर नव्हता.

"कोणाचा गं?"

तिने हातातलं फडकं खाली ठेवलं. मग बसली आणि म्हणाली, "ॲपवाल्याचा. सकाळधरनं वीस-वीस फोन यायलेत."

हळूहळू सगळं बाहेर आलं. पाणी ओसरल्यावर हप्त्याची तारीख चार दिवसांवर होती. हातात काही नव्हतं. मोबाइलवर एक जाहिरात दिसली, "पगारापर्यंत पैसे, दोन मिनिटांत". तिने पाच हजार मागितले. खात्यात आले एक्केचाळीसशे, नऊशे सेवाशुल्क म्हणून आधीच कापले. सात दिवसांत पाच हजार परत करायचे होते. पगाराला अजून वेळ होता, म्हणून मुदत वाढवून घेतली. वाढ तीन-तीन दिवसांची, आणि दर वाढीला पुन्हा नऊशे. इकडून-तिकडून उसने घेऊन अशा तीन वाढी झाल्या होत्या. म्हणजे एक्केचाळीसशे घेतलेल्या बाईने सत्तावीसशे भरले होते आणि अजून पुरते पाच हजार देणं बाकी होतं.

"अन् त्या एक्केचाळीसशेचं केलंस काय?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "एकवीसशे पन्नास तुमचे भरले की, मॅडम. बाकीच्याचं राशन आणलं."

मला तिथे बसवेना आणि उठवेनाही. मी विचारलं, "माझ्याकडे का नाही आलीस? एक महिना थांबले असते मी."

"थांबला असता व्हय तुम्ही?" ती काही टोमणा मारत नव्हती, खरंच विचारत होती. "तिसऱ्या दिवशी मेसेज गेला असता. जामीन शेजारचे भाऊ हायेत, शाळेत शिपाई. त्यांच्या घरात बी पाणी. त्यांच्या पगारातनं कापलं असतं, तर मी त्यांच्या बायकोला तोंड कसं दाखवलं असतं?"

मी थांबले नसते. आदल्या वर्षीही पाणी आलं होतं आणि तेव्हाही मी कोणासाठी थांबले नव्हते. त्या गल्लीत मी आणखी घरं केली आणि सरळच विचारलं. बहुतेक ठिकाणी तेच. कोणी ॲपवरून घेतलेले, कोणी नाक्यावरच्या सावकाराकडून आठवड्याच्या बोलीने. ज्या शून्याचा मी सत्कार घेतला होता, ते शून्य लोकांनी असं विकत आणलं होतं, आणि तेही माझ्या भीतीने.

फोटो काढायचा राहिलाच. पण सुनंदाचं खरं संकट मला निघताना कळलं. ॲपवाल्यांनी तिच्या फोनमधले सगळे नंबर आधीच उचलले होते. कंपनीतल्या सुपरवायझरला दोन फोन झाले होते, "तुमच्याकडची बाई चोर आहे" म्हणून. सुपरवायझरने सांगून ठेवलं होतं, तिसरा आला तर गेटपास जमा कर, म्हणजे काम बंद. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत पाच हजार भरले नाहीत, तर तो तिसरा फोन जाणार होता.

मी पर्स उघडली. तिने माझा हात धरला.

"नको मॅडम. तुम्ही मला द्याल. शेजारणीला कोण देईल? तिला बी शनिवारची तारीख हाय."

रिक्षात बसल्यावर मी पहिल्यांदा हिशोब वेगळा मांडून पाहिला. माझ्या एका पर्सने काम भागणार नव्हतं. संस्थेनेच काहीतरी करायला हवं होतं, आणि तेही शुक्रवारच्या आत.

अध्यक्ष म्हात्रेसाहेब तसे सालस, पण पाण्यात उतरण्याआधी दहादा अंगठा बुडवून पाहणारे. त्यांनी गुरुवारी संध्याकाळी तातडीची सभा बोलावली, तीसुद्धा मी त्यांच्या टेबलासमोरून हलेना म्हणून. मी प्रस्ताव लिहून नेला होता. पाणी शिरलेल्या घरांचे हप्ते दोन महिने थांबवायचे, त्या काळाचं व्याज नाही, दंड नाही, जामीनदाराला मेसेज नाही. आणि ॲपच्या तावडीतून सुटण्यासाठी दहा हजारांपर्यंत जामीनदाराशिवाय तातडीचं कर्ज द्यायचं, ज्याचा खर्च ठरावीक मर्यादेपलीकडे जाणार नाही. मी अगदी पद्धतशीर लिहिलं होतं: दरसाल दरशेकडा अमुक, प्रक्रिया शुल्क तमुक, कमाल दंडव्याज मूळ रकमेच्या इतके टक्के.

आमचे एक संचालक साठे, सेवानिवृत्त लेखापाल. ते म्हणाले, "कदम मॅडम, भावना समजली. पण व्याज थांबवलं तर ठेवीदारांना काय देणार? आणि आज एक गल्ली, उद्या अख्खी घणसोली सांगेल आमच्याकडे पाणी आलं. जामीनदार नाही, मग वसूल कोणाकडून करणार? तुम्हीच?" त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. बाकीचे माझ्या कागदाकडे पाहून जांभया आवरत होते.

कोपऱ्यात हिराबाई बसल्या होत्या. बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या कोळीण, महिला राखीव जागेवरच्या संचालक. सभेला यायच्या, चहा घ्यायच्या, सही करायच्या आणि मासळीची वेळ झाली की उठायच्या. चार वर्षांत त्यांचा आवाज आम्ही क्वचितच ऐकला होता, आणि खरं सांगायचं तर आम्ही विचारलंही नव्हतं. त्यांनी माझा कागद उलटा-सुलटा केला आणि बाजूला ठेवला.

"बाय, यो टक्क्यांचा मना काय समजत नाय. मना दोनच सांग. हातान किती येनार, आन् परत किती देवाचं?"

सगळे हसले. मीही हसले, मग थांबले. कारण मला चटकन सांगता येईना. मी कॅल्क्युलेटर काढला. हिराबाई म्हणाल्या, "बघ, तुला बी नाय येत. मंग त्या गरिबाला कसा येल?"

साठे समजावायला लागले, "हिराबाई, उशीर झाला तर रक्कम वाढणारच ना? परत किती हे आधी कसं सांगणार?"

तशी हिराबाईंनी पदर खोचला. "सायेब, मी मावऱ्याचा वाटा मांडतंय. दोनशेचा वाटा. गिऱ्हाइकान घेतला, घरा नेला. तेच्या घरान गॅस संपला, मावरा दोन तास उशिरा शिजला. म्हनून मी तेच्या दारान जाऊन आनखी पन्नास मांगू? वाटा सांगला म्हंजे सांगला. मी बी त्यातच कमावतंय, घाट्यान नाय धंदा करत."

बाजारात मासळी वजनावर नाही, वाट्यावर, म्हणजे मांडलेल्या ढिगावर विकली जाते, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. घासाघीस जी करायची ती वाटा उचलण्याआधी. एकदा पिशवीत पडला की भाव संपला. उलट कोळीण वर एखादी मांदेली टाकते, काढून कधी घेत नाही. हा नियम आमच्या पोटनियमांपेक्षा जुना होता आणि तो पाळून दिवाळ्याच्या बायकांनी मुलं वाढवली होती.

मग खरं काम सुरू झालं. साठ्यांनीच कागद ओढून आकडेमोड केली. त्यांचं हे मला आवडलं. एकदा पटलं की ते मागे हटायचे नाहीत. दहा हजार हातात, पूर्ण दहा हजार, आधी काही कापायचं नाही. परत दहा हजार पाचशे. महिन्याला एक हजार पन्नास, दहा महिने. आजारपण आलं, काम गेलं, दोन महिने मागे-पुढे झालं, तरी दहा हजार पाचशेच. पाच हजार घेतले तर परत पाच हजार अडीचशे. ठेवीदारांचं व्याज यात कसंबसं सुटत होतं. थांबवलेल्या हप्त्यांची तूट सभासद कल्याण निधीतून भरायची ठरली.

"आणि खोटं पाणी कसं ओळखणार?" म्हात्रेसाहेबांनी विचारलं. सरकारी पंचनाम्याचा कागद यायला किती दिवस लागतील ते सांगता येत नव्हतं. मी म्हटलं, "भिंतीवर रेघ असते. गुडघ्याच्या वर रेघ दिसली की कर्ज मंजूर. मी स्वतः टेप घेऊन जाईन."

ठराव झाला. सूचक म्हणून हिराबाईंचं नाव लिहिलं गेलं.

शुक्रवारी साडेदहाला सुनंदा अर्धा दिवस रजा टाकून शाखेत आली. अकराला तिच्या खात्यात दहा हजार पडले. तिने माझ्यासमोर ॲपवर पाच हजार भरले, बाकीचे उसनवारीला आणि घर सावरायला ठेवले. आता सुटली म्हणून मी निःश्वास टाकला, तर लगेच फोन. पलीकडे एक बाई होती, आवाज तापलेला.

"नऊशे बाकी आहेत. आजच्या एक्स्टेन्शनचे."

मी फोन माझ्या हातात घेतला. "नमस्कार. मी वाघमारेंच्या पतसंस्थेतून बोलतेय, कदम."

"तुम्ही कोण मधे बोलणाऱ्या? बारा वाजता कंपनीत फोन जाणार म्हणजे जाणार!"

"ताई, आवाज चढवू नका. मीही वसुलीतलीच आहे, तुमच्या जन्माच्या आधीपासून. मला दोनच गोष्टी सांगा. यांच्या हातात किती दिलेत, आणि परत किती हवेत?"

"पाच हजार दिले—"

"हातात."

"एक्केचाळीसशे. बाकी सर्व्हिस चार्ज."

"आणि परत किती? सगळं धरून, एकच आकडा सांगा."

मागे खूप माणसं एकाच वेळी फोनवर बोलत असल्याचा गलका ऐकू येत होता. तिची बोटं कळफलकावर वाजली. मग म्हणाली, "ते सिस्टीम दाखवत नाही."

"नसेल दाखवत. पण मुदत आज बारापर्यंत आहे आणि पैसे सव्वाअकराला आलेत, हे तर दाखवतेय ना? मग एक्स्टेन्शन कसलं? आणि कर्ज देण्याआधी एकूण खर्चाचा कागद द्यायचा असतो, तो यांना दिला होता का? नसेल, तर मी आता यांना घेऊन तक्रार लिहायला जाते. त्यात तुमचं नाव घालणार नाही. तुम्हीही महिन्याच्या पगारावरच असाल."

माझा आवाज शेवटी जरा नरमच झाला असावा. कारण ती एकदम वेगळ्या सुरात म्हणाली, "थांबा मॅडम, बघते." आम्ही थांबलो. पावणेबारा झाले. सुनंदा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होती आणि मी तिच्याकडे. बाराला पाच कमी असताना तिच्या मोबाइलवर मेसेज आला: कर्ज खाते बंद, येणे बाकी शून्य.

सुनंदाने तो तीनदा वाचला. मग मला विचारलं, "मॅडम, आता फोन चालू ठेवला तरी चालतंय ना?" मला रडू आलं. वसुली अधिकाऱ्याने शाखेत रडू नये, पण आलं.

दुसऱ्या दिवशी तिची शेजारीण आली आणि नंतर गल्लीच. आम्ही दाराबाहेर फळा लावला, त्यावर दोनच रकाने होते: "हातात" आणि "परत". मी टेप घेऊन भिंती मोजत हिंडले. एका पठ्ठ्याने तर बादलीभर पाणी मारून भिंतीवर सुबक रेघ ओढून ठेवली होती. मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही दुसऱ्या मजल्यावर राहता. इथवर पाणी आलं असतं तर तळवलीत कोणी उरलंच नसतं." तो ओशाळून हसला आणि मी टेप गुंडाळली.

सगळं गोड झालं असं नाही. दोन कर्जं बुडाली. एक जण खोली सोडून गेला, तो सापडलाच नाही. नाक्यावरचा सावकार आजही आहे, फक्त आता त्याला गिऱ्हाइकासाठी वाट पाहावी लागते. बाकी सगळी फिटली, कोणाची दहा महिन्यांत, कोणाची चौदा. दहा हजार पाचशेच्या वर आम्ही रुपया घेतला नाही. सुनंदाचा गेटपास तिच्याच गळ्यात राहिला.

माझं शून्य मात्र गेलं. संचालक मंडळाने हप्ते थांबवले तरी आमच्या तपासणीच्या तक्त्यात ते थकलेलेच दिसतात. मार्चनंतर लेखापरीक्षक आले. गृहस्थ सज्जन. यादी पाहून म्हणाले, "कदम मॅडम, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. कारण काय लिहू?"

"पाणी आलं होतं, असं लिहा."

"पाणी तर आदल्या वर्षीही आलं होतं की. तेव्हा थकबाकी शून्य होती."

"तेव्हाही आलं होतं साहेब. आमच्या कागदावर आलं नव्हतं."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि मी सांगितलं तेच लिहिलं.

निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते तेव्हा तळवलीत पुन्हा पाणी शिरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिक्षातून उतरते तर शाखेचं शटर अजून बंद आणि समोर ही गर्दी. आमचा रखवालदार धावत आला. "मॅडम, लोक जमलेत. ठेवी काढायला आलेत वाटतं. पोलिसांना फोन करू?"

पतसंस्थेच्या दारात अशी रांग लागली की पुढे काय होतं ते मी दुसरीकडे पाहिलं आहे. मी पुढे गेले. चिखलाने भरलेले पाय, वर खोचलेल्या साड्या, गुंडाळलेल्या पँटी. रांगेत पहिली सुनंदा होती.

"मॅडम, पाणी आलंय. या महिन्याचा हप्ता नाही जमायचा," ती म्हणाली. "सगळ्यांचंच तसं हाय. म्हणून सगळे सांगायलाच आलोत."

इतकी वर्षं मी दारोदार गेले, आणि पैसे नाहीत हे लपवण्यासाठी लोकांनी माझ्याशी काय काय केलं. आज तेच सांगायला माणसं माझ्या दारात रांग लावून उभी होती. मला इतका आनंद झाला, की शटरच्या कुलपाला किल्ली लागेना. शेवटी सुनंदानेच ती माझ्या हातातून घेतली आणि शाखा उघडली.